टेबलावर नीट चालणारा लॉगर गाडीत का बिघडतो

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो बरोबर कळला की नाही ते तुम्हालाही दिसेल. कॉलेजची फॉर्म्युला स्टुडंट गाडी (विद्यार्थ्यांनी स्पर्धेसाठी बनवलेली छोटी रेसकार) आहे, इंजिन केटीएम ३९० चं, सिंगल सिलिंडर. तयार ईएसपी३२ बोर्डावर (त्यात वाय-फाय असलेला मायक्रोकंट्रोलर असतो) तुम्ही स्वतःचा डेटा लॉगर, म्हणजे सेन्सरचे आकडे नोंदणारं यंत्र, बनवलाय. त्यावर ऑइल प्रेशर, कूलंटचं तापमान, चार डॅम्परचे (शॉक ॲब्सॉर्बरचे) पोटेन्शिओमीटर, म्हणजे त्यांची हालचाल मोजणारे सेन्सर, आणि पुढच्या चाकांचा वेग घेताय. लॅबमध्ये सगळं सुरळीत चालतं. गाडीत बसवल्यावर मात्र स्टार्टर दाबला की बोर्ड रिसेट होतो, इंजिन चालू असताना ऑइल प्रेशर वरखाली नाचतं, आणि रेडिएटरचा फॅन लागला की तापमान क्षणात चार-पाच अंशांनी खाली येतं. म्हणून तुम्ही विचारताय की ईएसपी३२ सोडून एसटीएम३२ किंवा टीन्सी असा दुसरा मायक्रोकंट्रोलर घ्यावा का.

अजून घेऊ नका. या तिन्ही तक्रारींत प्रोसेसरचा दोष नाही. बोर्ड बदललात तर हेच तीन त्रास नव्या बोर्डावर दिसतील, आणि मधले दोन आठवडे कोड नव्याने लिहिण्यात जातील. मी वाहनांचं वायरिंग आणि चाचणीच्या वेळचं डेटा लॉगिंग हेच काम करतो, विद्यार्थ्यांच्या गाड्याही बऱ्याच पाहिल्या आहेत. घरी बनवलेला लॉगर गाडीत बिघडतो तेव्हा मी चिपकडे सगळ्यात शेवटी बघतो. आधी ग्राउंड, मग पॉवर, मग वायर आणि कनेक्टर. अर्थात स्पर्धेला किती दिवस उरलेत, खर्च किती झेपतो आणि पुढच्या वर्षी हे सांभाळणारं कोणी आहे का, यावर बरंच अवलंबून आहे. जानेवारीत कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत स्पर्धेला उतरायचं असेल आणि हातात महिनाच असेल, तर खालचं सगळं करू नका. ग्राउंड आणि पॉवर तेवढं दुरुस्त करा.

फॅनपासून सुरुवात करतो, कारण ते लक्षण सगळ्यात जास्त बोलतं. इंजिनातलं पाणी एका क्षणात चार अंशांनी थंड होऊच शकत नाही. म्हणजे तापमान बदललेलं नाही, मोजमाप बदललंय. तुमचा तापमानाचा सेन्सर बहुधा एका वायरचा आहे, त्याचं ग्राउंड इंजिनच्या बॉडीतून जातं. लॉगरचं ग्राउंड मात्र तुम्ही थेट बॅटरीच्या निगेटिव्हला नेलंय. फॅनचा ८ ते १० अँपिअर करंट चासीतून परत येतो. चासीला पावडर कोटिंग केलेलं असतं. ते न खरवडता वायरचा लग (टोकाची धातूची कडी) आवळला, तर त्या जोडात १० मिलिओहमचा रोध सहज राहतो. १० अँपिअर गुणिले १० मिलिओहम म्हणजे ०.१ व्होल्ट. फॅन लागताच इंजिनचं ग्राउंड लॉगरच्या ग्राउंडपेक्षा एवढं वर उचललं जातं.

आता याचा परिणाम बघा. गाड्यांमध्ये सर्रास दिसणाऱ्या एनटीसी, म्हणजे तापल्यावर रोध कमी होणाऱ्या, सेन्सरचा रोध २० अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास असतो, तो १०० अंशांना सुमारे १९० ओहमवर येतो. ५ व्होल्टला १ किलोओहमचा पुल-अप (सिग्नलची वायर पुरवठ्याला जोडणारा रोध) असेल तर १०० अंशांना तुम्हाला ०.८ व्होल्ट मिळतात. त्यात हा ०.१ व्होल्ट मिसळला की हिशेबाने रोध २१० ओहमच्या पुढे जातो आणि आकडा चार-पाच अंश कमी येतो. हे फार वाईट प्रकारचं चुकणं आहे. फॅन लागला, तापमान उतरलं, सगळं ठीक आहे असं वाटतं, आणि इंजिन प्रत्यक्षात तापतच असतं.

ऑइल प्रेशरचंही तेच. ० ते १० बारचा, ०.५ ते ४.५ व्होल्ट देणारा सेन्सर म्हणजे एका बारला ०.४ व्होल्ट. तोच ०.१ व्होल्ट तिथे पाव बार होतो. त्यात इंजिन चालू असताना इग्निशन कॉइल, फ्युएल पंप, इंजेक्टर यांचे करंट त्याच चासीतून धडकत राहतात, म्हणून आकडा नाचतो.

खात्री करायला ऑसिलोस्कोप लागत नाही. मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवा. काळी प्रोब लॉगरच्या ग्राउंड पिनवर, लाल प्रोब सेन्सरशेजारी इंजिनच्या उघड्या धातूवर. कोणाला तरी फॅन चालू करायला सांगा. आकडा १० मिलिव्होल्टच्या आत राहिला तर माझं निदान चुकलं. ५० किंवा १०० च्या पुढे उडी मारली तर रोग सापडला.

उपाय साधा आहे, पण सरसकट करावा लागतो. दोन वायरचा तापमान सेन्सर घ्या, आणि प्रत्येक सेन्सरच्या ग्राउंडची वायर लॉगरच्या बोर्डपर्यंत परत आणा. वाटेत ती चासीला कुठेही टेकवायची नाही. लॉगरचं ग्राउंड बॅटरीला एकाच जागी जोडा. सिग्नल आणि त्याचं ग्राउंड एकमेकांना पीळ देऊन न्या. शील्डची वायर वापरलीत तर शील्ड फक्त लॉगरच्या टोकाला जोडा, दुसरं टोक कापून स्लीव्हमध्ये झाका. स्पार्क प्लगच्या वायरीपासून हे सगळं जमेल तेवढं दूर ठेवा, आणि ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात ओलांडा. प्लग रेझिस्टर असलेलाच आहे ना, तेही बघून घ्या.

आता रिसेट. तुमच्या बोर्डवर एएमएस१११७ सारखा लिनिअर रेग्युलेटर आहे आणि १२ व्होल्ट तुम्ही थेट त्यालाच दिलेत, असं तुम्ही टाकलेल्या फोटोवरून दिसतं. तो रेग्युलेटर १५ व्होल्टपर्यंतच सहन करतो. चार्जिंग चालू असताना बॅटरीवर १४ ते १४.५ व्होल्ट असतात, म्हणजे नेहमीच काठावर. शिवाय १४ मधून ३.३ करताना २०० मिलिअँपिअरला दोन वॉटपेक्षा जास्त उष्णता त्या इवल्याशा चिपमधून जाते. बॅटरीचा टर्मिनल सैल होऊन इंजिन चालू असताना सुटला, तर व्होल्टेज किती वर जाईल याचा भरवसा नाही. एवढ्यावरही तो अजून जळला नाही हेच विशेष. स्टार्टर दाबल्यावर उलट बॅटरी ७-८ व्होल्टपर्यंत, आणि पहिल्या झटक्यात क्षणभर त्याहूनही बरीच, खाली येते, वाय-फायमुळे ईएसपी३२ त्याच क्षणी मोठा करंट ओढत असतो, आणि व्होल्टेज पडलं की ओळखणारा आतला ब्राउनआउट डिटेक्टर चिपला रिसेट करतो.

मी पॉवरचा भाग असा बांधतो. बॅटरीजवळच एक अँपिअरचा फ्यूज. मग उलटी वायर जोडली गेली तर वाचवणारा पी-चॅनल मॉसफेट. मग व्होल्टेजचे अचानक झटके शोषणारा टीव्हीएस डायोड, २४ व्होल्ट स्टँडऑफचा. त्यानंतर एक इंडक्टर आणि कपॅसिटर, आणि शेवटी किमान ४० व्होल्ट इनपुट झेपणारा बक कन्व्हर्टर, म्हणजे फारशी उष्णता न करता व्होल्टेज खाली आणणारा. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला एलएम२५९६ म्हणून मिळणारी निळी मॉड्यूल लॅबसाठी ठीक आहेत, पण त्यांतल्या पुष्कळशा चिप नकली असतात आणि त्यावरचा व्होल्टेज ठरवायचा पोटेन्शिओमीटर कंपनाने सरकतो. वापरायचंच असेल तर तो काढून त्या जागी ठरावीक रोध सोल्डर करा.

इथे एक निर्णय महत्त्वाचा आहे. प्रोसेसरचे ३.३ व्होल्ट ५ व्होल्टमधून न बनवता थेट बॅटरीतून वेगळ्या बकने बनवा. क्रँकिंगच्या त्या सेकंदात सेन्सरचे ५ व्होल्ट खाली आले तरी बिघडत नाही, तेव्हाचा डेटा कोणी बघत नाही. प्रोसेसर मात्र जिवंत राहिला पाहिजे. बॅटरी ६ व्होल्टवर आली तरी ३.३ आरामात निघतात. नुसता मोठा कपॅसिटर लावून भागेल का, असं तुम्ही विचारलंय. हिशेब करा: २२०० मायक्रोफॅरड, ५ व्होल्टची घट, १५० मिलिअँपिअरचा भार, म्हणजे जेमतेम ७० मिलिसेकंद. क्रँकिंग त्याहून कितीतरी लांब चालतं.

एवढं केल्यावर तिन्ही लक्षणं जावीत. तरी एडीसीबद्दल (व्होल्टेज मोजून त्याचा आकडा करणारा भाग) सांगायलाच हवं, कारण ईएसपी३२ ची खरी कमजोरी तिथे आहे. त्याचा एडीसी टोकांना सरळ रेषेत चालत नाही, वरच्या टोकाला तर बराच वाकतो. मूळ ईएसपी३२ मध्ये वाय-फाय चालू असताना एडीसी२ च्या पिना वापरताच येत नाहीत. आणि सेन्सर ४.५ व्होल्ट देतो तेव्हा रोधांनी भागून तो खाली आणावा लागतो, तिथे आणखी चूक शिरते. त्यामुळे बाहेरचा एडीसी लावा. एडीएस१११५ बद्दल तुम्ही लिहिलंय, तो १६ बिटचा आहे खरा, पण त्याचे सेकंदाला ८६० नमुने चारही चॅनलमध्ये वाटले जातात. तापमान आणि प्रेशरला उत्तम, चार डॅम्परना अपुरा. मी एमसीपी३२०८ घेईन. आठ चॅनल, १२ बिट, एसपीआयवर चालतो, वेग भरपूर. त्याचा रेफरन्स (ज्याच्या तुलनेत तो मोजतो ते व्होल्टेज) सेन्सरच्याच ५ व्होल्टला जोडा. डॅम्परचे पोटेन्शिओमीटर आणि हा प्रेशर सेन्सर दोघेही पुरवठ्याच्या प्रमाणात आउटपुट देतात, त्यामुळे ५ चे ४.९ झाले तरी उत्तर बदलत नाही. फक्त ५ व्होल्टवर चालणारी ही चिप आणि ३.३ चा ईएसपी३२ यांच्यामध्ये सिग्नलचं व्होल्टेज जुळवणारा लेव्हल शिफ्टर हवा, तो विसरू नका.

किती वेगाने नोंदायचं, यावर टीममध्ये नेहमी वाद होतो आणि शेवटी 'सगळंच १०० हर्ट्झ' ठरतं. ते कोणालाच धड बसत नाही. तापमान सेकंदाला दोनदा नोंदलं तरी पुष्कळ. ऑइल प्रेशर ५० हर्ट्झ ठेवा, कारण लांब वळणात तेल एका बाजूला गेल्यावर प्रेशर क्षणभर पडतं आणि तेच तुम्हाला पकडायचं आहे. डॅम्परला ५०० हर्ट्झ. तुम्हाला नुसती डॅम्परची जागा नको, त्याचा वेगही काढायचाय, आणि वेग काढताना विरळ नमुन्यांची चूक फुगते.

आणि प्रत्येक ॲनालॉग चॅनलवर, एडीसीच्या आधी, रोध आणि कपॅसिटरचा फिल्टर हवाच. का, ते एका उदाहरणाने सांगतो. इंजिन ५८८० आरपीएमला सेकंदाला ९८ वेळा फिरतं. त्याचं कंपन डॅम्परच्या सिग्नलमध्ये उतरलं आणि तुम्ही १०० हर्ट्झने नोंदलं, तर आलेखात ९८ दिसणार नाही. २ हर्ट्झची संथ, सुंदर लाट दिसेल. सस्पेन्शन बघणारा मुलगा म्हणेल बॉडी डोलतेय, आणि डॅम्परचे क्लिक बदलायला जाईल. एकदा अशी खोटी लाट नोंदली गेली की नंतर कुठलंही सॉफ्टवेअर ती वेगळी काढू शकत नाही. १० किलोओहम आणि १०० नॅनोफॅरड लावलेत तर सुमारे १६० हर्ट्झच्या वरचं कमी होत जातं. ५०० हर्ट्झला नोंदणाऱ्या चॅनलला ते चालतं. तापमानाला त्याच रोधासोबत १ मायक्रोफॅरड लावा. एमसीपी३२०८ ला सिग्नल देणारा स्रोत कमी रोधाचा लागतो, म्हणून फिल्टर आणि चिप यांच्यामध्ये साधा ऑप-अँप बफर ठेवलात तर मोजमाप आणखी नेमकं येईल.

चाकाच्या वेगासाठी एडीसी नको, हॉल सेन्सर (फिरत्या दातांवरून पल्स देणारा चुंबकीय सेन्सर) आणि टायमर. १६ इंच व्यासाच्या टायरचा परीघ साधारण १.२८ मीटर. २० दातांची रिंग असेल तर ताशी १०० किलोमीटरला सेकंदाला ४३५ च्या आसपास पल्स येतात, कोणत्याही मायक्रोकंट्रोलरला हे सोपं आहे. पण ठरावीक वेळात किती पल्स आल्या ते मोजू नका, दोन पल्समधला काळ मोजा. स्पर्धेचा ट्रॅक वळणावळणाचा असतो, वेग कमी असतो, आणि कमी वेगाला मोजणीची पद्धत पायऱ्यापायऱ्यांचा आलेख देते. हॉल सेन्सरचं आउटपुट बहुधा ओपन कलेक्टर असतं, पुल-अप ३.३ व्होल्टला द्या म्हणजे लेव्हल शिफ्टरही लागत नाही.

आता तुमच्या प्रश्नात एका ओळीत आलेली, पण मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. तुम्ही लिहिलंय की कूलंटसाठी दुसरा सेन्सर बसवायला जागा नसेल तर ईसीयूच्याच (इंजिन सांभाळणाऱ्या कंट्रोलरच्या) सेन्सरच्या वायरला टॅप मारू. हे करू नका. ईसीयूच्या आत त्याचा स्वतःचा पुल-अप असतो. तुम्ही तुमचा पुल-अप जोडलात की दोन्ही समांतर होतात, त्या वायरवरचं व्होल्टेज वाढतं, ईसीयूला इंजिन आहे त्यापेक्षा थंड वाटतं आणि तो जास्त पेट्रोल सोडतो. मोजायला गेलात आणि इंजिनच बदललंत, असं होईल. तुमचा ईसीयू बाजारातला प्रोग्राम करता येणारा आहे. असे बहुतेक ईसीयू आरपीएम, थ्रॉटल आणि कूलंट तापमान कॅन बसवर (गाडीतल्या कंट्रोलरना जोडणाऱ्या दोन वायरींवर) पाठवतात. तेच वाचा. ईएसपी३२ मध्ये कॅन कंट्रोलर आहे, बाहेरून फक्त एसएन६५एचव्हीडी२३० सारखा ३.३ व्होल्टचा ट्रान्सीव्हर लावावा लागतो. बसच्या दोन्ही टोकांना १२० ओहम असतात, म्हणून पॉवर बंद करून कॅन हाय आणि कॅन लो मध्ये मोजलं तर ६० ओहम आले पाहिजेत. ४० आले तर कुठेतरी तिसरा रोध लागलाय, बहुधा तुमच्या ट्रान्सीव्हर मॉड्यूलवरच, तो काढा. आणि कोडमध्ये लिसन-ओन्ली, म्हणजे फक्त ऐकणारा, मोड ठेवा, म्हणजे तुमच्या प्रोग्रॅममधली गडबड बसवर जाणार नाही.

याच कारणासाठी लॉगर धोक्याच्या वेळी गाडी बंद करणाऱ्या शटडाउन सर्किटपासून पूर्ण वेगळा ठेवा. ब्रेक आणि थ्रॉटल एकत्र दाबले गेल्यास गाडी बंद करणारं बीएसपीडी सर्किट नियमांप्रमाणे स्वतंत्र आणि प्रोग्राम न होणारंच असावं लागतं, त्यात मायक्रोकंट्रोलर चालत नाही. ब्रेक प्रेशर लॉगरलाही हवं असेल तर त्याच सेन्सरवरून फाटा काढण्याआधी तांत्रिक तपासणीचे नियम वाचा, शक्य असेल तर सेन्सरच वेगळा घ्या. लॉगर जळाला तरी गाडी धावली पाहिजे.

एसडी कार्डबद्दल थोडंसं. तुमचा सगळा डेटा मिळून सेकंदाला १० किलोबाइटच्या आत बसतो, अर्ध्या तासाचे २० मेगाबाइटही होत नाहीत. जागेचा प्रश्नच नाही, प्रश्न अडून बसण्याचा आहे. कार्ड मधूनच पाव सेकंदापर्यंत उत्तर देत नाही, आणि तेवढ्यात तुमचा लूप थांबतो. ईएसपी३२ ला दोन कोअर आहेत, एकावर नमुने घ्या, दुसऱ्यावर कार्डात लिहा, मध्ये ३२ किलोबाइटचा बफर ठेवा. टेक्स्ट नको, बायनरी लिहा, प्रत्येक नोंदीला मायक्रोसेकंदातली वेळ जोडा. आणि दर सेकंदाला फाइल सिंक करा, कारण मास्टर स्विच बंद झाला की फाइल नीट बंद करायला वेळ मिळत नाही. २२ किलोमीटरच्या एन्ड्युरन्स शर्यतीचा शेवटचा सेकंद गेला तर चालेल, अख्खी फाइल जाता कामा नये.

वायर आणि कनेक्टर हा भाग मुलं शेवटच्या रात्री उरकतात, म्हणून इथे आग्रहाने सांगतो. सिंगल सिलिंडरचं कंपन ब्रेडबोर्डच्या जंपर वायर तासाभरात सैल करतं. तयार बोर्ड फिमेल हेडरमध्ये खुपसून ठेवू नका, तो थेट सोल्डर करा. वायरच्या टोकांना मात्र सोल्डर नको, योग्य मापाच्या टूलने क्रिंप करा. सोल्डर वायरच्या तारांमध्ये वर चढतं, तो भाग ताठ होतो आणि बरोबर त्याच्या कडेला वायर तुटते. क्रिंप केल्यावर प्रत्येक वायर हाताने जोर लावून ओढून बघा. डॉइचचे डीटीएम कनेक्टर परवडत नसतील तर मोटरसायकलींवर येणारे सुपरसील चांगले काम करतात, पाण्यालाही टिकतात. मोठे कपॅसिटर आणि इंडक्टर बोर्डला चिकटवा, पण हॉट ग्लूने नाही, इंजिनजवळ तो मऊ पडतो. सिलिकॉन वापरा, न्यूट्रल क्युअरचं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांबं खातं.

कॅलिब्रेशन घरीच होईल. बर्फाचं पाणी म्हणजे ० अंश. उकळतं पाणी मात्र पुण्यात १०० नाही, साडेपाचशे मीटर उंचीमुळे ९८ च्या आसपास उकळतं, तोच आकडा धरा. डॅम्परसाठी व्हर्नियरने दोन टोकं आणि मधल्या दोन-तीन जागा मोजा.

टेलिमेट्रीचा (धावत्या गाडीतून थेट डेटा पाठवण्याचा) विचार या वर्षी सोडा, असंच सांगेन. पिटमध्ये बसून थेट आकडे बघायला सगळ्यांना आवडतं, पण ५०० हर्ट्झचे डॅम्पर लोरावरून (लांब पोहोचणारा पण संथ रेडिओ) येत नाहीत, आणि वाय-फाय ट्रॅकच्या पलीकडच्या टोकाला पोहोचत नाही. त्यापेक्षा ड्रायव्हरसमोर दोन मोठे एलईडी लावा, एक ऑइल प्रेशरचा, एक तापमानाचा. ते इंजिन वाचवतात.

प्रोसेसर बदलायची वेळ पुढे येईलही. चार डॅम्पर, चार चाकं, आयएमयू (गाडीचा प्रवेग आणि वळणं मोजणारा सेन्सर) आणि दोन कॅन बस एकत्र हवे झाले, की टीन्सी ४.१ किंवा एसटीएम३२एफ४ घेणं मला पटेल. तोवर आधी फॅनवाली मिलिव्होल्टची चाचणी करा. आकडा इथे कळवा, आणि सोबत लॉगरचं ग्राउंड, इंजिनचं ग्राउंड आणि फॅनचं ग्राउंड चासीवर नेमकं कुठे आवळलंय त्याचा फोटो टाका. तो बघून पुढचं सांगतो.